प्रभूचे स्वर्गारोहण : जैतुनांच्या डोंगरापासून इंद्रायणीकाठापर्यंत

पुनरुत्थानाच्या सणानंतर चाळिसाव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, प्रभू येशूचे स्वर्गारोहण झाल्याचे ख्रिस्तसभा स्मरण करते. भारतातील आपल्या लॅटिन विधीच्या धर्मप्रांतांत हा सोहळा त्यानंतरच्या रविवारी साजरा होतो. नाताळला आपल्या घरांत गोठा सजतो, करंज्या तळल्या जातात. पवित्र आठवड्यात क्रूसाची वाट असते, पुनरुत्थानाच्या रात्री मेणबत्त्यांनी मंदिर उजळते. स्वर्गारोहणाच्या वाट्याला मात्र यातले काहीच येत नाही. मे महिन्याची सुटी असते, लग्नसराई असते, निम्मा धर्मग्राम गावी गेलेला असतो. मिस्साबलिदान आटोपते आणि सण संपतो.

तरीही प्रत्येक रविवारी विश्वासांगीकार म्हणताना, प्रभू स्वर्गात गेला व पित्याच्या उजवीकडे बसला आहे, हे आपण न चुकता उच्चारतो. हे एवढे विधान त्यातून वगळले तर आपल्या श्रद्धेचे काय बिघडेल? येशू मरण पावला, पुन्हा उठला, एवढे पुरेसे नाही काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी इतिहासाची पाने मागे उलटावी लागतात.

स्वर्गारोहणाचा प्रसंग सविस्तर सांगितला आहे तो एकट्या संत लूकने, आणि त्यानेही तो दोनदा सांगितला आहे. आपल्या शुभवर्तमानाचा शेवट त्याने या प्रसंगाने केला आणि ‘प्रेषितांची कृत्ये’ या दुसऱ्या ग्रंथाची सुरुवातही याच प्रसंगाने केली. येशूच्या जीवनकथेचा जो शेवट, तोच ख्रिस्तसभेच्या जीवनकथेचा आरंभ, असे त्याला सुचवायचे आहे. लूकच्या पहिल्या वृत्तान्तात एक गोष्ट वाचकाला बुचकळ्यात टाकते. गुरू डोळ्यांदेखत दिसेनासा होतो आणि शिष्य मोठ्या आनंदाने यरुशलेमला परततात! एरवी निरोपाच्या वेळी माणूस रडतो. मुलगी सासरी निघाली की मांडवातल्या पुरुषांचेही डोळे भरून येतात. मग या शिष्यांना आनंद कशाचा झाला?

संत मत्तयचे शुभवर्तमान येथे साहाय्याला येते. मत्तय स्वर्गारोहणाचे वर्णन करीत नाही. गालीलातील डोंगरावर प्रभू शिष्यांना युगाच्या अंतापर्यंत त्यांच्याबरोबर राहण्याचे वचन देतो आणि तेथेच मत्तयचा ग्रंथ थांबतो. लूक म्हणतो, तो वर गेला. मत्तय म्हणतो, तो सोबत राहिला. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांना या दोन्हींत विरोध दिसला नाही. प्रभू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निघून गेला, असे त्यांनी कधी मानलेच नव्हते.

‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते, की एका मेघाने प्रभूला त्यांच्या दृष्टिआड केले. पवित्र शास्त्रात मेघ हे परमेश्वराच्या सान्निध्याचे चिन्ह आहे. रानातील दर्शनमंडपावर तो उतरला होता, शलमोनाच्या मंदिरात तो भरून राहिला होता. मावळातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. आषाढात लोहगड आणि विसापूर दिवसचे दिवस ढगांत हरवतात. पायथ्याच्या शेतात भात लावणारी बाई मान वर करते, तेव्हा तिला गड दिसत नाही; पण गड गेला असे ती म्हणत नाही. तो जागच्या जागी आहे, हे ती जाणते. प्रभूही शिष्यांच्या नजरेआड झाला तो असाच.

ज्या जागी हे घडले असे मानतात, त्या जैतुनांच्या डोंगराचा इतिहासही बोलका आहे. इजेरिया नावाची एक भाविक स्त्री इ. स. ३८१ ते ३८४ या काळात पवित्र भूमीत राहिली आणि तिने आपल्या यात्रेचा वृत्तान्त लिहून ठेवला. पेन्टेकॉस्टच्या दुपारी यरुशलेमचे भाविक त्या डोंगरावर जमत आणि स्वर्गारोहणाचा उतारा वाचीत, असे ती सांगते. म्हणजे तेथे तोवर या सणाला स्वतंत्र दिवस मिळालेला नव्हता. तो चाळिसाव्या दिवशी साजरा करण्याची प्रथा त्याच शतकाच्या अखेरीस सर्वत्र रूढ झाली. पोमेनिया नावाच्या एका श्रीमंत रोमन स्त्रीने त्याच सुमारास त्या जागी मंदिर उभारले. इ. स. ६१४ मध्ये इराणी सैन्याने यरुशलेम जिंकले, तेव्हा ते उद्ध्वस्त झाले आणि पुढे पुन्हा बांधले गेले. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गेलेल्या आर्कुल्फ या यात्रिकाच्या सांगण्यावरून त्या मंदिराचे वर्णन लिहिले गेले. ते मंदिर गोलाकार होते आणि मधल्या भागावर छप्पर नव्हते. प्रार्थना करणाऱ्याच्या माथ्यावर मोकळे आकाश असे.

बाराव्या शतकात क्रूसयोद्ध्यांनी तेथे अष्टकोनी वास्तू बांधली. इ. स. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने यरुशलेम जिंकल्यानंतर ती मुसलमानांच्या ताब्यात गेली, आणि ती आजही त्यांच्याकडेच आहे. उघड्या छतावर त्यांनी घुमट चढविला. मात्र स्वर्गारोहणाच्या दिवशी तेथे ख्रिस्ती भाविकांना उपासना करू दिली जाते. कुराणातही येशूला परमेश्वराने आपल्याकडे उचलून घेतल्याचा उल्लेख आहे. एकमेकांचा विश्वास भिन्न असूनही एका पवित्र जागेचा मान राखता येतो, याचे हे शतकानुशतकांचे उदाहरण होय.

आता सिद्धान्ताकडे वळू. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने जो विश्वासांगीकार ठरविला, त्यात प्रभूच्या स्वर्गारोहणाचा उच्चार होता. इ. स. ३८१ च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या विश्वासांगीकारात, तो पित्याच्या उजवीकडे बसला आहे, हेही आले. त्याआधीच्या शतकांत शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग, असे मानणारे पंथ प्रबळ होते. तारणाऱ्याला खरा देह नव्हताच, किंवा असलाच तर तो त्याने जुन्या वस्त्रासारखा टाकून दिला, अशी त्यांची शिकवण होती. ख्रिस्तसभेने ती नाकारली. मरियेच्या उदरी घेतलेला, सुताराच्या कामाने राबलेला, खिळ्यांनी विंधलेला देह घेऊनच पुत्र पित्याकडे गेला, असे तिने ठामपणे सांगितले.

पाचव्या शतकातील पोप महान संत लिओ यांनी या सणावर दिलेली दोन प्रवचने उपलब्ध आहेत. त्यांचा आशय असा : प्रभूबरोबर आपला मानवी स्वभाव देवदूतांच्याही वर नेला गेला, मस्तक जेथे पोहोचले, तेथे पोहोचण्याची आशा देहालाही लाभली. आणि तारणाऱ्याच्या ठायी जे डोळ्यांना दिसत होते, ते आता संस्कारांत सामावले आहे. शिष्यांच्या आनंदाचे कारण येथे उलगडते. गालीलात असताना येशू एका वेळी एकाच गावी असू शकत होता. तो कफर्णहूमला असला की बेथानीच्या घरी नसे. स्वर्गारोहणानंतर ही मर्यादा उरली नाही. ज्या वेदीवर भाकर मोडली जाते, त्या प्रत्येक वेदीवर तो उपस्थित आहे.

आपल्या मराठी उपासनेतील दोन शब्दही येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. प्रभूचे ते ‘आरोहण’ आणि पवित्र मरियेचे ते ‘उन्नयन’. पुत्र आपल्या सामर्थ्याने चढला; आईला परमेश्वराने वर उचलून घेतले. पोप बारावे पायस यांनी १ नोव्हेंबर १९५० रोजी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धान्त घोषित केला. पुत्राने उघडलेल्या वाटेने पहिली त्याची माता गेली, असा त्याचा अर्थ होतो. ती वाट आपल्यासाठीही आहे.

महाराष्ट्राच्या मातीत ही शिकवण कोणत्या शब्दांत रुजली? इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. सासष्टीत सेवा करताना त्यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. स्वर्गासाठी त्यांनी अनेक ठिकाणी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या कानांवर आजीच्या ओवीतून आलेला शब्द त्यांनी टाकून दिला नाही. तो उचलून त्यात त्यांनी नवा अर्थ भरला. रूढ मतानुसार १६०८ साली जन्मलेले तुकोबा तेव्हा देहूत आठ वर्षांचे होते.

देहू हे गाव आपल्या उर्से गावापासून पाच-सहा कोसांवर आहे. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात उगम पावलेली इंद्रायणी मावळातून वाहत तेथे जाते. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. दरवर्षी बीजेच्या दिवशी भर दुपारी नांदुरकीच्या झाडाभोवती लाखो भाविक पुष्पवृष्टी करतात. आपले शेजारी त्यांत असतात. म्हणून मावळातल्या ख्रिस्ती मुलाला शाळेत किंवा कारखान्यात हा प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच, की तुमचा येशूही तुकोबांसारखाच वर गेला काय?

या प्रश्नावर रागावू नये, की हसून तो टाळूही नये. विचारणारा आपल्याला जवळचा मानून विचारतो. देवाचा माणूस मृत्यूच्या तावडीत राहत नाही आणि देह ही तुच्छ वस्तू नव्हे, ही ओढ त्या श्रद्धेतही आहे. त्या ओढीचा आदर राखून आपला विश्वास सरळ शब्दांत सांगावा. भक्त देवाच्या भेटीला गेला, असे वारकरी म्हणतात. ख्रिस्ती विश्वास असा, की देवच माणूस होऊन खाली आला, क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि परत जाताना आपल्या माणूसपणासह गेला. तो एकटा वर गेला नाही. त्याच्याबरोबर आपल्या साऱ्यांची जागा तेथे झाली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत स्नानसंस्कार घेऊन ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. गुरू दिसेनासा झाल्यावर शिष्यांनी काय केले, याचे हे मराठी घरातले उदाहरणच म्हणावे लागेल.

आता उर्से परिसराकडे पाहा. द्रुतगती मार्गावरचा टोलनाका, तारांचे आणि नळांचे कारखाने, पाळ्यांची कामे. आपल्यापैकी अनेक कुटुंबे पोटामागे येथे आली : कोणी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, कोणी वसईहून, कोणी कोकणातून. कोणाची आई गावी एकटी आहे, कोणाचा मुलगा आखातात आहे, कोणाचे माणूस दफनभूमीत विसावले आहे. दुरावा म्हणजे काय, हे या कुटुंबांना सांगावे लागत नाही. स्वर्गारोहणाचा सण त्यांच्यासाठीच आहे. दिसत नाही ते नाहीसे झाले असे नव्हे, हे तो शिकवितो. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांना आपल्या हातांचे व्रण दाखविले होते. ते व्रणांकित हात आज पित्याच्या सान्निध्यात आहेत. यंत्राखाली बोट गमावलेल्या कामगाराने, भाजल्याचा डाग अंगावर वागविणाऱ्या माउलीने हे लक्षात ठेवावे. आपल्या देहाची झीज परमेश्वराला परकी नाही.

या सणाची दुसरी शिकवणही तितकीच महत्त्वाची आहे. शिष्य वर पाहत उभे राहिले, तेव्हा शुभ्र वस्त्रांतील दोन पुरुषांनी त्यांना टोकले, आणि ते नगरात परतले. तेथे माडीवरच्या खोलीत पवित्र मरियेसह ते एकचित्ताने प्रार्थना करीत राहिले. गुरुवारच्या स्वर्गारोहणापासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे हे दिवस म्हणजे नोव्हेनाचा आद्य नमुना होय. पेन्टेकॉस्टपूर्वी नऊ दिवसांची प्रार्थना साऱ्या ख्रिस्तसभेत दरवर्षी व्हावी, असा आदेश पोप तेरावे लिओ यांनी १८९७ साली दिला. मोठ्या मंदिराची वा खर्चाची त्यासाठी गरज नाही. कामाची पाळी संपल्यावर दोन-चार घरे एका अंगणात जमली, ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा एकेक अध्याय वाचला, आजारी शेजाऱ्याची, मग तो कोणत्याही धर्माचा असो, विचारपूस केली, तरी ते दिवस सार्थकी लागतील.

यंदा स्वर्गारोहणाच्या रविवारी विश्वासांगीकार म्हणताना त्या शब्दांपाशी क्षणभर मन थांबू द्यावे. आपल्या घरातले दूर गेलेले माणूस, दफनभूमीतले माणूस आणि आपले राबलेले हात प्रभूपुढे ठेवावेत. मग शिष्य परतले तसे आनंदाने घरी परतावे आणि सोमवारी कामाला लागावे.