शेजारच्या पट्ट्यातला गोंगाट

मालवणच्या होडीत जीपीएस दिसलं तर आता कुणाला नवल वाटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक चुकवताना जुने तांडेल अजून डोंगराच्या, देवळाच्या खुणा धरतात. पण काळोखात, खोल पाण्यात भरवसा त्या आकड्यांवरच. ज्या सिग्नलवरून ते आकडे निघतात तो २०,२०० किलोमीटरवरून येतो. पोचेपर्यंत तो इतका क्षीण होतो की यंत्राच्या स्वतःच्या कुरकुरीखाली दबलेला असतो. त्याची सांकेतिक घडण आधीच ठाऊक असते, म्हणून यंत्र तो उकरून काढू शकतं.

अशा सिग्नलला शेजार शांत लागतो. अमेरिकेत जीपीएस आहे १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, आणि खालचा १५२५ ते १५५९चा पट्टा उपग्रहांच्याच हळू आवाजाचा होता. लाइटस्क्वेअर्ड कंपनीला तिथे जमिनीवर टॉवर उभारून ब्रॉडबँड विकायचं होतं. जानेवारी २०११ मध्ये नियामक एफसीसीने सशर्त मुभा दिली. चाचण्यांत जीपीएस यंत्रं गोंधळली, फेब्रुवारी २०१२ मध्ये एफसीसीने पाय मागे घेतला आणि मे महिन्यात कंपनी दिवाळखोरीत गेली. (२०२० मध्ये लिगाडो या नव्या नावाने, कमी शक्तीच्या अटीवर, परवानगी मिळालीच.) कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही आमच्याच पट्ट्यात आहोत, तुमच्या यंत्रांना धड फिल्टर नाहीत. इंजिनिअर म्हणून मला हे अर्धं पटतं. पण विकली गेलेली लाखो यंत्रं बदलायची कुणी?

तेच महिने आपल्याकडे देवास प्रकरणाचे. इस्रोच्या अँट्रिक्सने २००५च्या करारात देवास कंपनीला दोन उपग्रहांवरचा एस-बँडचा ७० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम देऊ केला होता. कल्पना तीच: उपग्रह आणि जमिनीवरचे टॉवर मिळून मोबाइलवर मल्टिमीडिया, इंटरनेट. फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्राने सामरिक गरजेचं कारण देऊन करार मोडला. पुढे लवाद, न्यायालयं, किमतीचे आरोप. शेजाराचा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. खरं तर तो इथे जास्त नाजूक होता. हा एस-बँड २५०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि आपल्या नाविकचा एक सिग्नल आहे २४९२.०२८वर. त्याच्या खालच्या अंगाला, २४८३.५पर्यंत, वाय-फाय. म्हणजे नाविकच्या वाट्याला मधली १६.५ मेगाहर्ट्झची चिंचोळी गल्ली. मोबाइलमध्ये नाविक आलं ते दुसऱ्या, एल-५ सिग्नलवरून; मे २०२३च्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून त्याला जीपीएसचीच एल-१ फ्रिक्वेन्सीही मिळाली.

देवाससाठी योजलेल्या दोन उपग्रहांपैकी एक, जीसॅट-६, ऑगस्ट २०१५ मध्ये आकाशात गेला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या सभेत एक लाख मच्छीमार नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली, ती याच उपग्रहाच्या जोरावर. मालवणात ती सभा लक्षात आहे वेगळ्या कारणाने: चार दिवसांपूर्वी राजकोटचा शिवपुतळा कोसळला होता आणि पंतप्रधानांनी तिथूनच माफी मागितली. ट्रान्सपाँडरची बातमी आतल्या पानात गेली.

मोबाइलची रेंज किनारा सोडला की काही मैलांत संपते. त्यापुढे होडीची जागा दिशादर्शक उपग्रहांवरून ठरते आणि वादळाचा इशारा, मदतीची हाक जाते-येते एस-बँडमधून, जिथून कधीकाळी मोबाइलवर मल्टिमीडिया येणार होता.