जुन्या मजकुराची वेलांटी आणि मॅक्रो

काचीगुड्याहून मीटरगेजने मनमाडला गेलेला माल मुंबईच्या ब्रॉडगेज वाघिणींत पुन्हा भरावा लागे, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. १९९०च्या दशकात संगणकावर जुळवलेल्या मराठी मजकुराची गत आज तशीच आहे. स्मरणिका, कुलवृत्तांत, दिवाळी अंक अशी कितीतरी पाने श्री-लिपीसारख्या फॉन्टांत अडकली आहेत. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नाहीसा झाला की उरतात निरर्थक चिन्हे. वास्तविक युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. छपाईचा धंदा मात्र जुन्या वाटेनेच चालत राहिला.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणायला 'शोधा आणि बदला' ही आज्ञा पुरत नाही. 'स्थिती' लिहिताना जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये तीच वेलांटी थ नंतर येते. म्हणजे जोडाक्षर कुठे संपते, हे कोणीतरी ठरवले पाहिजे. रफाराचे उलटे: 'धर्म'मध्ये तो शेवटून उचलून म च्या आधी न्यायचा.

असे ठरवण्यासाठी लेखनाच्या साधनातच प्रोग्रॅमची भाषा हवी, हा विचार जुना आहे. १९७६ साली अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन व सहकाऱ्यांनी टेको या एडिटरवरील मॅक्रो एकत्र करून ईमॅक्स उभे केले. १९८५च्या ग्नू ईमॅक्समध्ये लिस्प ही भाषाच आली. आपल्या घरांत ही सोय पोचली ती वर्डमधून. आधी वर्डबेसिक, नंतर वर्ड ९७ पासून व्हिज्युअल बेसिक. वर्डमधील मॅक्रो प्रत्येक शब्दाचा फॉन्ट पाहू शकतो, म्हणून मधला इंग्रजी शब्द मराठी समजून तो बिघडवीत नाही. बाहेरच्या साध्या परिवर्तकाला हे दिसत नाही. माझ्या मते खरा लाभ हाच.

१९९५च्या 'कन्सेप्ट' विषाणूने याच दारातून प्रवेश केला, तेव्हा अनोळखी मॅक्रो चालवू नये. मूळ फाइल जपून ठेवावी आणि छापील प्रतीशी ताडून पाहावे. विशेषतः 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांकडे लक्ष असावे. हिंदीपुरत्या तक्त्याने गुरुजी स्वयंपाकघरात जातात.