गारगोटी, सुरुंग आणि चिठ्ठी : नाशिकच्या स्फटिकांचा इतिहास

अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचे एक छोटे गाव आहे. हिवाळा आला की तेथे स्फटिकवेडी माणसे जमू लागतात. जवळच्या क्रिस्टल हिल नावाच्या टेकडीवर ती मान खाली घालून तासन्‌तास हिंडतात आणि मातीत चमकणारे गारेचे टोकदार तुकडे वेचतात. वाळवंटात हा छंद जमतो, कारण तेथे वारा आणि क्वचित पडणारा पाऊस मऊ माती वाहून नेतो आणि कठीण स्फटिक मागे उरतो. निसर्गाने चाळणीचे काम आधीच करून ठेवलेले असते. माणसाने फक्त वाकायचे.

महाराष्ट्रात वाळवंट नाही. पण ही चाळणी येथेही आहे, तिचे नाव गोदावरी.

दख्खनचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले. काही वाटाण्याएवढे, तर काही इतके मोठे की त्यांत माणूस वाकून शिरू शकेल. पुढे कातळातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने या पोकळ्यांत विरघळलेली द्रव्ये आणून सोडली आणि तेथे स्फटिक वाढले. त्यांचे ढोबळमानाने दोन गट करता येतात. पहिला गारेचा : स्वच्छ क्वार्ट्झ, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, अकीक, कॅल्सिडनी. दुसरा झिओलाइटांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा : स्टिल्बाइट, ह्यूलॅण्डाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट. काठिण्याच्या प्रचलित मोजपट्टीवर क्वार्ट्झ सातव्या पायरीवर बसतो. अपोफिलाइट पाचाच्या आत राहतो, स्टिल्बाइट चाराच्याही खाली. नाशिकच्या स्फटिकांचा सगळा इतिहास या आकड्यांवर उभा आहे. कातळ झिजून पोकळी उघडी पडली की झिओलाइटाचा चुरा होतो. गारगोटी मात्र नदीबरोबर मैलोन्‌मैल घरंगळत जाऊनही टिकते.

म्हणूनच आदिमानवाला गारगोटी सापडली, अपोफिलाइट सापडला नाही. १८६० च्या दशकात भूगर्भशास्त्र सर्वेक्षणातील ए. बी. विन यांना पैठणजवळ मुंगी येथे गोदावरीच्या थरांत अकीकाचा एक छिलका मिळाला. माणसाच्या हातून निघालेला तो छिलका म्हणजे या खोऱ्यातील अश्मयुगाचा पहिला पुरावा. पुढे ह. धी. सांकळिया यांनी नाशिकजवळ गंगावाडी येथे गोदेच्या वाळू-गोट्यांच्या थरांतून अश्मयुगीन हत्यारे मिळवली, आणि नेवाशाला प्रवरेच्या काठी चर्ट, जॅस्पर, अकीक यांची छोटी हत्यारे घडवणारी एक संपूर्ण परंपरा उजेडात आणली. १९५०-५१ मध्ये नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि जोर्वे येथे उत्खनन झाले. तेथील ताम्रपाषाणयुगीन माणूस तांबे वापरीत होता, तरीही रोजच्या कापाकापीसाठी त्याच्या हाती कॅल्सिडनीची पातीच होती. कोणत्या नदीच्या पात्रात चांगला दगड मिळतो, हे या माणसांना नेमके ठाऊक असले पाहिजे. तो छंद नव्हे, पोटाचा प्रश्न होता; परंतु दगडाकडे पाहण्याची नजर क्वार्ट्झसाइटच्या हौशी माणसाचीच.

या दगडांना बाजारही फार लवकर मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला गाड्यांतून मोठ्या प्रमाणावर ऑनिक्स जात असल्याची नोंद आहे. ऑनिक्स म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा अकीकच. आणि आगकाड्या येईपर्यंत घरोघरी चकमक होती. पोलादाच्या तुकड्यावर गारगोटी झाडून ठिणगी कापसावर धरायची. मराठीत ‘गारगोटी’ या शब्दाला जी घरगुती ऊब आहे, ती तेथून आली असावी.

मग झिओलाइट कधी दिसले? त्यासाठी ताजा, न झिजलेला कातळ फोडावा लागतो. नाशिकच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगर आहे. प्राकृत लेखांत त्याचे नाव ‘तिरण्हु’. दोन हजार वर्षांपूर्वी येथे लेणी कोरणाऱ्या पाथरवटांच्या छिन्नीपुढे स्फटिकांनी भरलेल्या पोकळ्या अनेकदा उघडल्या असतील. मात्र लेण्यांतील लेख दानांविषयी बोलतात : उषवदाताने दिलेली गावे, कार्षापणे, पाण्याची टाकी, गौतमी बलश्रीने पुत्राचे केलेले गुणवर्णन. पाथरवटांना काय दिसले, हे लिहून ठेवण्याचे कारण कोणाला पडले नाही.

सह्याद्रीचे पोट खऱ्या अर्थाने उघडले ते रेल्वेने. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम १८५६ मध्ये हाती घेतले आणि १८६३ मध्ये पुरे केले. कसारा-इगतपुरीचा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला आणि गाडी थेट नाशिक जिल्ह्यात चढली. बोरघाटात पंचवीस बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या सुमारास एकट्या त्या घाटात बेचाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पहारीने भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवून पळायचे. कामावर पटकीच्या साथी आल्या, सुरुंगांचे अपघात झाले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये येथे येताच आजारी पडून मरण पावला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. बेचाळीस हजारांपैकी किती जणांची नावे ठाऊक आहेत?

या सुरुंगांतून काळ्या दगडाबरोबर पारदर्शक अपोफिलाइटचे आणि गुलाबी-पांढऱ्या स्टिल्बाइटचे झुबके बाहेर पडले. उत्तम नमुने साहेबांच्या टेबलांवर गेले आणि तेथून लंडनच्या संग्रहांत. काचेच्या कपाटात नमुन्यासोबत एक चिठ्ठी असते : खनिजाचे नाव आणि सापडल्याचे ठिकाण. त्या काळच्या चिठ्ठ्यांवर ‘पूना’, ‘बॉम्बे’, फार तर ‘सायहाद्री पर्वत’ एवढेच लिहिलेले. कोणता बोगदा, कोणता थर, याचा पत्ता नाही.

नावांच्या बाबतीत तर इतिहासाने थट्टाच केली आहे. हेन्री ब्रूक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने १८२२ मध्ये एका खनिजाला ‘ह्यूलॅण्डाइट’ असे नाव दिले, ते ह्यूलॅण्ड नावाच्या स्फटिक-व्यापाऱ्याच्या सन्मानार्थ. त्याच ब्रूकने १८३१ मध्ये पुण्याकडून आलेल्या सुईसारख्या स्फटिकांना ‘पूनालाइट’ म्हटले. सह्याद्रीवरून ‘सायहेड्राइट’ हेही एक नाव निघाले होते. पुढील परीक्षणात ही दोन्ही खनिजे आधीच माहीत असलेल्या खनिजांचेच प्रकार ठरली आणि नावे बाद झाली. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते. परिणाम मात्र असा, की नाशिक-पुण्याच्या कातळात पावलोपावली सापडणाऱ्या खनिजाला लंडनच्या व्यापाऱ्याचे नाव आहे आणि पुण्याचे नाव जुन्या सूच्यांत पडून आहे.

स्वातंत्र्यानंतर सुरुंगांचे काम रेल्वेकडून खडीच्या खाणींकडे गेले. शहरे वाढली तसा काळा दगड हवा झाला. १९७० च्या दशकात पुण्याजवळच्या पाषाण टेकडीवरील खाणींतून हिरवा अपोफिलाइट निघाला आणि जगभरचे संग्राहक भारताकडे वळले. (पाषाण हे गावाचे नाव आधीपासूनचे, योगायोगाला काही वेळा दादच द्यावी लागते.) १९७४ मध्ये मुंबईच्या आर. एन. सुखेस्वाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम दख्खनमध्ये कोणत्या पट्ट्यात कोणती झिओलाइटे आढळतात याची मांडणी प्रसिद्ध केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट हे मोरपंखी निळे खनिज सापडले. ते याआधी अमेरिकेतील ऑरेगनमध्ये अत्यल्प प्रमाणात मिळाले होते; वाघोलीने त्याचे गुच्छच्या गुच्छ दिले.

नाशिकचा वाटाही मोठा आहे. त्रिरश्मी डोंगराच्या परिसरातील खाणी संग्राहकांच्या जगात ‘पांडुलेणा’ या नावाने ओळखल्या जातात. तेथील स्कोलेसाइटच्या शुभ्र सुया आणि पॉवेलाइटचे मधाच्या रंगाचे स्फटिक विख्यात आहेत. पॉवेलाइट हे कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम यांचे खनिज. ग्रँड कॅनियनचा शोधप्रवासी जॉन वेस्ली पॉवेल याचे नाव त्याला १८९१ मध्ये मिळाले. अतिनील प्रकाशात ते पिवळे उजळते. सिन्नर तालुक्यातील मोहदरी येथे क्वार्ट्झच्या पृष्ठभागावर फ्लोराइटचे पिवळे गोळे बसलेले सापडले. या शतकाच्या प्रारंभी राहुरीजवळ मोमीन आखाडा येथे विहीर खणताना अपोफिलाइटचे असे चमचमते गोल झुबके मिळाले, की परदेशी संग्राहकांनी त्यांना ‘डिस्को बॉल’ म्हणायला सुरुवात केली.

येथे वाळवंटातील छंदाशी असलेला फरक ठळक होतो. अ‍ॅरिझोनात शोधणारा आणि संग्रह करणारा एकच असतो. महाराष्ट्रात शोधतो तो खाणीतला किंवा विहिरीवरचा मजूर. पिढ्यान्‌पिढ्या दगडाचे काम करणारा वडार समाज त्यात पुष्कळ आहे. खाणीचा परवाना खडीसाठी असतो आणि तासाभरात दगड क्रशरमध्ये जायचा असतो. एवढ्या अवधीत पोकळी ओळखायची, केसासारख्या सुया न मोडता खडक सोडवायचा, वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवायचा. हे कौशल्य कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नाही. मजुराकडून स्थानिक खरेदीदार, त्याच्याकडून निर्यातदार, आणि मग १९५५ पासून भरणारे टूसॉनचे खनिज-प्रदर्शन. टूसॉन पुन्हा अ‍ॅरिझोनातच! गोदाकाठचा स्फटिक अशा रीतीने वाळवंटात पोहोचतो, आणि प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढत असताना माहिती मात्र गळत जाते.

ही गळती किती महाग पडते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सहज कळावे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी एकत्र सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. हा निधी एका ठिकाणचा म्हणून नोंदला गेला, त्यामुळे सत्तांतराचा एवढा मोठा पुरावा हाती आला. तीच नाणी सुटी सुटी सराफांच्या दुकानांतून मिळाली असती तर? एकेक नाणे देखणे दिसले असते, पण किती नाण्यांवर ठसा पडला, कोणत्या भागात पडला, हे कधीच सांगता आले नसते.

स्फटिकाचेही तसेच आहे. ‘नाशिक’ एवढीच चिठ्ठी असलेला पॉवेलाइट शोभेची वस्तू असतो. खाण, थर, सोबतची खनिजे आणि दिनांक माहीत असेल, तर त्या पोकळीतून कोणत्या क्रमाने कसले पाणी वाहिले, याचा तो दस्तऐवज होतो. आणि कातळात परत जाऊन तपासण्याची सोय झपाट्याने संपत आहे. पाषाण शहरात विरघळले. वाघोलीत इमारती उभ्या राहिल्या. विहिरीला पाणी लागले की तिची बाजू पुन्हा कोणाला दिसत नाही. व्यापाऱ्याला स्पर्धकापासून ठिकाण लपवायचे असते, म्हणून चिठ्ठीवर मुद्दाम दुसऱ्याच गावाचे नाव येते, तो प्रकार वेगळाच.

सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत नौदलातून निवृत्त झालेल्या के. सी. पांडे यांनी उभारलेले ‘गारगोटी’ हे खनिज-संग्रहालय आहे. दख्खनचे स्फटिक ज्या भूमीतून निघाले तेथेच ते पाहता यावेत, ही सोय त्याने केली. शाळेच्या सहलीतली मुले तेथे निळ्या कॅव्हन्साइटपुढे थबकतात. पण नाशिक-सिन्नर भागात आज कोणी तरुण या छंदाकडे वळत असेल, तर त्याला हातोडीआधी वहीची गरज आहे. त्रिरश्मीची लेणी संरक्षित स्मारक आहेत, तेथे दगडाला हात लावायचा नाही. चालू खाणीत मालकाच्या परवानगीविना आणि सुरुंगाच्या वेळी पाऊल टाकायचे नाही. मात्र उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या नदीपात्रातला अकीक, नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यातला स्टिल्बाइट किंवा खाणकामगाराने खिडकीत ठेवलेला एखादा झुबका दिसला, तर गाव, तालुका, खाण की विहीर, किती हात खोल, कोणत्या महिन्यात, सोबत आणखी काय होते, हे लिहून घेता येते. परदेशी संग्रहांतील मोहदरीच्या फ्लोराइटच्या चिठ्ठ्यांवर ‘महोदरी’ अशी अक्षरे आढळतात; ते गाव नकाशात शोधणाऱ्याला सापडत नाही. सिन्नरच्या कोणत्याही बसचालकाने ती चूक मिनिटभरात दुरुस्त करून दिली असती. आणि त्या चिठ्ठीवर खनिजाच्या नावाखाली, ठिकाणाखाली, ते कातळातून सोडवणाऱ्याच्या नावापुरती एक ओळ सहज मावते.