दूरचा क्षीण स्वर आणि जवळचा गलका



१४ एप्रिल १९१२ ची रात्र. उत्तर अटलांटिक महासागरात ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज बर्फाने वेढले गेल्यामुळे थांबले होते. रात्री अकराच्या सुमारास त्यावरील बिनतारी अधिकारी सिरिल इव्हान्स याने जवळच असलेल्या ‘टायटॅनिक’ला तसे कळविण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी ‘टायटॅनिक’वरील जॅक फिलिप्स शेकडो मैल दूरच्या केप रेस केंद्राशी प्रवाशांच्या तारांची देवघेव करीत होता. तो दूरचा स्वर क्षीण, आणि इव्हान्सचा स्वर काही मैलांवरचा! तो कानठळ्या बसविणारा आवाज ऐकताच फिलिप्सने त्याला गप्प बसण्यास सांगितले. इव्हान्सने थोडा वेळ वाट पाहिली आणि साडेअकराच्या सुमारास यंत्र बंद केले. ११ वाजून ४० मिनिटांनी ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळले.

त्या दुर्घटनेची कारणे अनेक आहेत. इव्हान्सच्या संदेशाला कप्तानाकडे पोचविण्याचा रीतसर मथळा नव्हता, हेही खरे. परंतु फिलिप्सला केवळ उद्धट ठरवून आपली सुटका होत नाही. चालत्या जहाजावर बसून जवळचे आणि दूरचे दोन्ही स्वर एकाच कानाने ऐकावे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. आणि त्याच्या यंत्रापाशी त्याचे उत्तर नव्हते.

उत्तराचा पहिला भाग अमेरिकेतील हॅरोल्ड व्हीलर या तरुण अभियंत्याने १९२५-२६ च्या सुमारास शोधला. आलेला संदेश किती जोरकस आहे हे यंत्रानेच मोजावे आणि त्या मानाने आधीच्या व्हॉल्व्हचे वर्धन आपोआप कमीजास्त करावे, अशी ती योजना होती. निष्णात तबलजी गवयाच्या आवाजाकडे कान ठेवून हात हलका वा जड करतो, तसलाच हा प्रकार. १९२९ मध्ये ‘फिल्को ९५’ या रेडिओत ही सोय आली. १९३० पासून पॉल गॅल्व्हिन यांच्या ‘मोटोरोला’सारखे रेडिओ मोटारींत बसू लागले, तेव्हा या सोयीची खरी किंमत कळली, कारण मोटार पुलाखालून गेली की आवाज खाली जाई आणि केंद्राजवळ आली की अंगावर येई.

मग आज अडचण कसली? जुन्या रेडिओत निवडलेले एकच केंद्र गाळून मापकापर्यंत पोचे. १९९० नंतरच्या दशकात जोसेफ मिटोला यांनी पुढे मांडलेल्या सॉफ्टवेअर रेडिओत मात्र लहरींचा रुंद पट्टाच्या पट्टा एकदम आत घेऊन त्याचे आकडे केले जातात आणि निवड नंतर संगणक करतो. २०१२ मध्ये दूरदर्शन पाहण्यासाठी निघालेली स्वस्त यंत्रे या कामी वापरता येतात असे हौशी मंडळींनी दाखविले. त्यांतील आकडे करणाऱ्या भागाला पायऱ्या अवघ्या २५६.

आता मोटारीतून जाताना एखादा प्रक्षेपक मनोरा १० किलोमीटरवरून १०० मीटरवर आला, तर मोकळ्या माळावर त्याची शक्ती दहा हजारपट, म्हणजे लहरींची उंची शंभरपट होते. तिला २५६ पायऱ्यांत बसवायचे म्हणून स्वयंचलित योजना सर्वांचेच वर्धन उतरविते, आणि आपल्याला हवा असलेला क्षीण स्वर शेवटच्या पायरीखाली बुडतो. वर्धन उतरविले नाही, तर यंत्र भरून वाहते आणि मुळात नसलेली केंद्रे ऐकू येऊ लागतात. म्हणून जाणते लोक वर्धन हातानेच ठरवितात: पाठीमागची खरखर किंचित वाढू लागेपर्यंतच ते चढवावयाचे, मनोरा जवळ आला की उतरवावयाचे, आणि नको असलेल्या बलवान केंद्राला गाळणी लावून दारातच अडवावयाचे. मात्र हे काम शेजारी बसलेल्याने करावे, गाडी हाकणाऱ्याने नव्हे!

शंभराहून अधिक वर्षांत यंत्रे पालटली, पण फिलिप्सचा प्रश्न उरलाच आहे. यंत्र जोर मोजू शकते. महत्त्व मोजू शकत नाही. त्या रात्री महत्त्वाचा संदेश मोठ्या आवाजात आला होता. उद्या तो क्षीण आवाजात येईल. काय ऐकावयाचे हे ठरविण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याचीच आहे, आणि ती कोणत्याही व्हॉल्व्हवर अथवा संगणकावर टाकून मोकळे होता येणार नाही.