मिसिंगचा माग

गाडी मिसिंग मारू लागली, म्हणजे एखादा सिलिंडर काम करेनासा झाला, की पूर्वी मिस्त्री आधी बॉनेट उघडत. आज आधी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लागतो. या बदलाची हकीकत बहुतेक वेळा अशी सांगतात, की जुने मिस्त्री नुसत्या कानाने दोष ओळखत आणि यंत्राने ती कला मोडीत काढली. मला हे पटत नाही. जुन्या मिस्त्रींचे खरे बळ त्यांच्या पद्धतीत होते, आणि स्कॅनरने त्या पद्धतीचा पहिला टप्पा तेवढा उचलला आहे. कोणता सिलिंडर बंद पडला हे यंत्र सांगते. का बंद पडला हे अजून हातानेच शोधावे लागते. असे का झाले, हे समजून घ्यायला गॅरेजपेक्षा शहरांच्या हवेचा इतिहास जास्त उपयोगी पडतो.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट घ्या, जिला १९७४पासून पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन. चारही प्लगना करंट पुरवायला एकच कॉइल आणि तो १-३-४-२ या क्रमाने वाटून द्यायला एक डिस्ट्रिब्युटर. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास कॅडिलॅकसाठी बसवलेली ही बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची रचना साठ-सत्तर वर्षे जगभर टिकली. तिच्यात बिघाडाच्या जागा पुष्कळ होत्या. पॉइंट जळत, कंडेन्सर जाई, कॅपला केसाएवढी चीर पडे. पावसाळ्यात त्या चिरेत ओल शिरली की करंट भलतीकडेच पळे. अशा वेळी मिस्त्री इंजिन सुरू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहत. वायर काढताच इंजिन अडखळले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. मग त्याचा प्लग खोलायचा. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीवर संशय, ऑइलने माखलेला असेल तर रिंगांवर किंवा व्हॉल्व्ह सीलवर. प्लग आणि वायर ठीक निघाली तर कॉम्प्रेशन मोजायचे, ते कमी भरले तर प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर बहुधा हेड गॅस्केट फुटले. यातली प्रत्येक पायरी एक शक्यता वगळते. शाळेची पायरी न चढलेली माणसेही हे रोज करत होती. याला जादू म्हणणे म्हणजे त्यांच्या बुद्धीला कमी लेखणे आहे.

आता हवेकडे वळू. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे मूळ गाड्यांच्या न जळलेल्या इंधनात आहे, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. त्यातून कायदे आले, आणि १९७५च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांत धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. मिसिंगचे महत्त्व इथे बदलले. बंद सिलिंडरमधले कच्चे इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. म्हणून कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने मिसफायरवर, म्हणजे या मिसिंगवर, नजर ठेवण्याची जबाबदारी गाडीवरच टाकली. १९९६च्या मॉडेलपासून ती अमेरिकाभर सक्तीची झाली. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर बंधनकारक झाला आणि ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःच्या दोषांवर नजर ठेवण्याची यंत्रणा, २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत आली.

यंत्राची युक्ती सुंदर आहे. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चक्राचे दात सेन्सरसमोरून जातात आणि कॉम्प्युटर प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला लागलेला वेळ मोजतो. ज्या सिलिंडरने धक्का दिला नाही, त्याच्या वाट्याचा अर्धा फेरा किंचित लांबतो. तेवढ्यावरून पी ०३०२ हा कोड उमटतो, म्हणजे दुसरा सिलिंडर. पण कायद्याला कन्व्हर्टर आणि हवा वाचवायची होती, मिस्त्रीचे काम हलके करायचे नव्हते. त्यामुळे या कोडमधून प्लग, कॉइल, इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह यांतला दोषी कोण, ते समजत नाही.

यावर कोणी म्हणेल, की जुने मिस्त्रीही अंदाजाने पार्ट बदलत आणि गिऱ्हाइकाला भुर्दंड पडे. खरे आहे, तसे होई. पण पद्धत सोडली तेव्हा होई, आणि स्कॅनर हातात असूनही पद्धत सोडली तर आजही तेच होते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, चालू इंजिनवर ती ओढून काढणे धोक्याचे, आणि स्कॅनर दोष घडला त्या क्षणाचे तापमान, वेग आणि इंजिनवरचा भारही दाखवतो. मग जुनी रीत कशाला? माझे म्हणणे, ती रीत नव्या रूपात जिवंतच आहे. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसवा. कोड पी ०३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे कॉइल खराब. कोड जागचा हलला नाही तर प्लगची अशीच अदलाबदल करा, मग इंजेक्टर तपासा, आणि शेवटी तोच जुना कॉम्प्रेशन गेज.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. इंजिनचा दिवा लुकलुकू लागला तर गाडी दामटू नका, कन्व्हर्टर जाईल. आणि नुसता कोड दाखवून कोणी महागडा पार्ट बदलायला सांगितले, तर आधी अदलाबदल करून दाखवा, असा आग्रह धरा.