बापलेकांनीं घडविलेली गिटार

लंडन शहराच्या पश्चिमेस फेल्टम नांवाचें एक साधें उपनगर आहे. तेथें हॅरल्ड मे नांवाचे गृहस्थ राहत असत. सरकारी विमानखात्यांत ते आराखडे काढण्याचें काम करीत. विद्युत्‌विद्येचें त्यांना उत्तम ज्ञान होतें आणि घरांत लागणाऱ्या पुष्कळ वस्तु ते स्वतःच्या हातांनीं बनवीत. त्यांचा एकुलता एक मुलगा ब्रायन याचा जन्म १९ जुलै १९४७ रोजीं झाला. या मुलाला लहानपणींच गिटारचा नाद लागला. परंतु अमेरिकेंत बनलेल्या विजेच्या गिटारीची किंमत या मध्यम स्थितींतील कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची होती. विकत घेतां येत नाहीं तर घरींच करावी, असें बापलेकांनीं ठरविलें आणि १९६३ च्या ऑगस्ट महिन्यांत कामास आरंभ केला.

त्यांनीं जमविलेल्या सामानाची यादी ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. गिटारची मान करण्यासाठीं एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचें महोगनी लांकूड घेतलें. तें शंभर वर्षांहून जुनें असून त्यास किडीनें भोंकें पाडलीं होतीं. तीं आगकाड्या ठोकून बुजविलीं. धडासाठीं जुन्या मेजाचें ओक लांकूड उपयोगीं आणलें. पट्टीवर बोटांच्या जागा दाखविणारे ठिपके आईच्या शिवणाच्या पेटींतील शिंपल्यांच्या बटणांचे केले. तारांचा ताण कमीजास्त करून सूर हालविण्याच्या कळीस एका १९२८ सालच्या मोटारसायकलच्या एंजिनांतील दोन स्प्रिंगा लाविल्या. त्या कळीचा दांडा सायकलच्या पिशवीच्या आधाराचा होता आणि त्याच्या टोकास आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा बसविला होता. सारें काम हातहत्यारांनीं झालें. एकंदर खर्च आला सुमारें आठ पौंड.

विजेच्या गिटारीचें मर्म तिच्या तारांखालीं असतें. तेथें लोहचुंबकाभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचीं वेटोळीं बसवितात. त्या भागास पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार कंप पावली म्हणजे वेटोळ्यांत तशाच लहरींचा विद्युत्‌प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो वाढवून कर्ण्यांतून ऐकवितात. ब्रायननें प्रथम पिकअपहि घरींच केले. पण तार बाजूस ओढतांच त्यांतून विचित्र आवाज येऊं लागला. शेवटीं बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणावे लागले. प्रत्येकास दोन खटके ठेवले, एक चालूबंद करण्याचा व दुसरा लहर उलट करण्याचा. या सहा खटक्यांच्या अदलाबदलीनें एकाच वाद्यांतून अनेक परींचा नाद निघूं लागला. सुमारें दोन वर्षांनीं गिटार पूर्ण झाली. तांबूस रंगामुळें तिला ‘रेड स्पेशल’ हें नांव पडलें.

पुढें ब्रायन लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकला व ग्रहांमधील धूलिकणांवर संशोधन करूं लागला. त्याच सुमारास, १९७० सालीं, ‘क्वीन’ नांवाचा वाद्यवृंद निघाला. त्यांतील गायक फ्रेडी मर्क्युरी याचें मूळ नांव फरोख बलसारा. या पारशी मुलाचें शालेय शिक्षण पांचगणीस झालें होतें. क्वीनची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका १९७३ सालीं निघाली. एकाच गिटारीचे सूर थरावर थर मुद्रित करून ब्रायन मोठ्या वाद्यमेळाचा भास उत्पन्न करी. ही सारी करामत गिटारीची आहे हें लोकांस कळावें, म्हणून सिंथेसायझर वापरलेला नाहीं असें त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर छापीत.

परंतु ज्या पित्यानें हें वाद्य घडविण्यास हात लाविला तोच आतां रुष्ट झाला. मुलाच्या शिक्षणासाठीं त्यानें आयुष्यभर झीज सोसली होती. आणि मुलगा डॉक्टरेटचा प्रबंध अर्धवट टाकून बेभरंवशाच्या धंद्यांत शिरला! कांहीं काळ दोघांचें बोलणेंहि जवळजवळ बंद पडलें. पुढें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विशाल सभागृहांत क्वीनचा जलसा झाला, तेव्हां ब्रायननें आईवडिलांस तेथें नेलें. घरच्या कोठडींत कानशीनें घासलेली ती गिटार हजारों माणसांपुढें बोलतांना पित्यानें ऐकली, आणि मुलाचा मार्ग त्यास पटला. १९८८ सालीं हॅरल्ड मे निवर्तले.

त्या वाद्याची कीर्ति मात्र वाढतच गेली. १३ जुलै १९८५ रोजीं वेंब्ली येथील प्रचंड जलशांत तें वाजलें होतेंच. १९९८ सालीं त्याची कसून दुरुस्ती झाली. आणि ३ जून २००२ रोजीं, राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणास पन्नास वर्षें झाल्याच्या उत्सवांत, बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर ब्रायननें त्याच गिटारीवर राष्ट्रगीत वाजविलें. शेकोटीचें लांकूड राजवाड्याच्या माथ्यावर चढलें.

तीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेला प्रबंधहि ब्रायननें पुन्हा हातीं घेतला आणि २००७ सालीं डॉक्टरेट मिळविली. वडिलांबरोबर आरंभिलेलें काम त्यानें सोळाव्या वर्षीं अर्धवट टाकलें नव्हतें. वडिलांच्या मनांतलें दुसरें काम पुरें करण्यास साठावें वर्ष उजाडलें. तें पाहण्यास ते हयात नव्हते.