डिलेनीच्या बाजूचं दार

२ सप्टेंबर १९४४, सकाळ. टोकियोच्या दक्षिणेला सुमारे हजार किलोमीटरवर चिचिजिमा बेट आहे. तिथल्या जपानी रेडिओ केंद्रावर आज हल्ला करायचाय. 'सॅन जॅसिंटो' या अमेरिकी विमानवाहू जहाजावर तयारी चालू आहे. अ‍ॅव्हेंजर विमानात तिघं बसतात. पुढे वैमानिक, मागे वर काचेच्या घुमटात तोफची, आणि त्याच्या खाली, विमानाच्या पोटात, रेडिओमन. वैमानिक वीस वर्षांचा जॉर्ज बुश. रेडिओमन नेहमीचाच, जॉन डिलेनी. घुमटात मात्र आज नवा माणूस आहे. तुकडीचा शस्त्रास्त्र अधिकारी टेड व्हाइट, बुशच्या घरच्यांच्या ओळखीतला. आपली शस्त्रं प्रत्यक्ष हल्ल्यात कशी चालतात, ते त्याला पाहायचं होतं. त्याने विचारलं, वरिष्ठांनी होकार दिला. नेहमीचा तोफची जहाजावरच राहिला.

सव्वासातचा सुमार. चार अ‍ॅव्हेंजर उडाली.

साडेआठच्या आसपास. विमान खाली झेपावत असतानाच तोफगोळा लागला. कॉकपिटमध्ये धूर, पंखावर आग. बुशने तरीही पाचशे पौंडांचे चारही बॉम्ब टाकले आणि विमान समुद्राकडे वळवलं.

त्यानंतरची काही मिनिटं. वैमानिकाला मागचे दोघं दिसत नाहीत. आवाज तेवढा पोचतो. बुशने उड्या मारायला सांगितलं. घुमटात पाठीवर पॅराशूट बांधून बसण्याइतकी जागा नसते. म्हणजे व्हाइटने आधी खाली उतरायचं, पॅराशूट छातीवर अडकवायचं आणि मग दाराशी जायचं. दार डिलेनीच्या बाजूला, उजवीकडे. वाऱ्याच्या माऱ्यात ते उघडणं कठीण. म्हणून बुशने विमान उजवीकडे वळवलं, दारावरचा जोर कमी व्हावा म्हणून. मागच्या दोघांसाठी त्याला एवढंच करता येण्यासारखं होतं.

मग त्याने उडी घेतली. डोकं शेपटीवर आपटलं, छत्री थोडी फाटली, पण उघडली. आणखी एक जण विमानातून बाहेर पडलेला इतरांनी पाहिला. त्याची छत्री उघडलीच नाही. तो व्हाइट होता की डिलेनी, हे कधीच ठरलं नाही. दुसरा विमानाबरोबरच गेला.

नऊ ते बारा. रबरी होडी, वल्हं नाही. डोक्यातून रक्त, पोटात खारं पाणी, उलट्या. वारा बेटाकडे ढकलतोय, बुश हातांनी पाणी मागे सारतोय. बेटावरून त्याला पकडायला निघालेल्या बोटींवर वरून अमेरिकी विमानांनी गोळ्या झाडल्या. त्या बेटावर पकडल्या गेलेल्या काही वैमानिकांना ठार मारण्यात आलं होतं, हे त्याला युद्धानंतर कळलं.

११:५६. 'फिनबॅक' ही अमेरिकी पाणबुडी शेजारी वर आली. खलाशांनी त्याला ओढून घेतलं. कुणीतरी त्याचं चित्रीकरणही केलं. ही वेळ मिनिटापर्यंत नोंदलेली आहे, आणि ती वाचलेल्याची.

३ सप्टेंबर. पाणबुडीतून बुशने आईवडिलांना पत्र लिहिलं. व्हाइट आणि डिलेनी सापडले नव्हते.

२००२. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बुश चिचिजिमाला परत गेले. बोटीतून त्या पाण्यापर्यंत जाऊन त्यांनी व्हाइट आणि डिलेनीसाठी पुष्पचक्रं सोडली.